रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, बरं वाटलं

ओठाच्या बायोप्सीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा मला आनंद झाला. लोकांना सांगताना मी 'दिलासा' म्हणते; तो शब्द सभ्य आहे आणि अगदीच खोटाही नाही. पण झाला तो आनंद. शोग्रेन नावाचा हा ऑटोइम्यून आजार आयुष्यभर सोबत राहतो, औषधं आहेत पण मुळातून तो जात नाही, थोड्या जणांना पुढे लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर होऊ शकतो म्हणून नेमाने तपासणी करत राहावं लागतं, हे सगळं डॉक्टरांनी त्याच बैठकीत समजावून सांगितलं होतं. मी ते नीट ऐकलं होतं. तरी बाहेर येऊन रिक्षात बसल्याबसल्या पहिला फोन केला तो नणंदेला. मुलाला नाही, आईला नाही. कारण "वहिनी, तुम्ही सगळं मनाला लावून घेता, म्हणून तुमचं पोट बिघडतं" हे वाक्य तिचं होतं. फोनवर माझा आवाज रडवेला होता. तो मी तसा काढला होता.

या आनंदाकडे नीट बघायचं मी बरेच दिवस टाळलं. आजारी माणसाने स्वतःची उलटतपासणी करू नये अशी एक मुभा असते, ती मी पुरेपूर वापरली.

त्याआधीची कितीतरी वर्षं मी 'आयबीएसवाली' होते, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोमची पेशंट. साताऱ्याहून पुण्याला निघायचं तर आदल्या रात्रीपासून जेवण बंद. एसटीत बसलं की खंबाटकी ओलांडेपर्यंत सगळा जीव ओटीपोटात, आणि गाडी शिरवळला थांबणार का हे कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारायचं. थायरॉइडची तपासणी झाली, गहू न सोसणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी झाली, कोलोनोस्कोपी झाली. सगळं नॉर्मल. "चला, काही निघालं नाही, देवाची कृपा," घरातले म्हणायचे आणि मीही हो म्हणायची. मनात मात्र प्रत्येक नॉर्मल रिपोर्टबरोबर माझी पत घसरत होती. काही निघालं नाही म्हणजे काही नाहीच, हा हिशोब घरातल्यांनी केला, शेजारणींनी केला, पण सगळ्यांच्या आधी तो मी केला होता. त्यांना नावं ठेवणं सोपं जातं म्हणून ही शेवटची गोष्ट मी सोयीने विसरत आले.

घशाचं मागाहून सुरू झालं. शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खाताना पोह्यांचा घास तोंडातच फिरत राहायचा. चावून चावून त्याचा ओला गोळा व्हायला हवा, तो होईना. कोरडा भुगा टाळ्याला आणि गालाला आतून चिकटायचा, गिळला की गळ्याच्या खोबणीपाशी थांबायचा. पाण्याचा घोट घेतला की उतरायचा. मग प्रत्येक घासाला एक घोट. बाटलीचं झाकण उघडं ठेवूनच जेवायची सवय लागली. भाकरी आमटीत कुस्करून, नाहीतर ताकात कालवून. पुरणपोळी दूध-तुपाबरोबर सुखाने जाते, पण तिला कुणी रोज करत नाही. आणि सातारकर असून कंदी पेढ्याची मला धास्ती वाटते. तो टाळ्याला असा बसतो की शेवटी कुणाचं लक्ष नाही असं बघून बोटाने खरवडावा लागतो. हळदीकुंकवाला पेढा हातावर आला की मी तो रुमालात बांधते आणि "घरी ह्यांना देते" म्हणते. ह्यांना डायबिटीस आहे हे निम्म्या गल्लीला ठाऊक आहे.

आमचे सासरे जेवायला बसले की आधी आपोशन घ्यायचे. तेव्हा मला तो निव्वळ सोपस्कार वाटायचा. आता पहिल्या घासाआधी तळहातभर पाणी मलाही लागतं, मंत्राशिवाय.

पोटाच्या डॉक्टरांना मी हे बराच काळ सांगितलं नाही. तक्रारींची यादी आधीच लांब, त्यात आणखी एक घातली की त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते मला दिसायचं. त्यांच्या चेहऱ्यावर प्रत्यक्षात कधी काही उमटलं असेल असंही नाही. ते चित्र माझंच. आयबीएसमध्ये असंही होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे तो आजार खालच्या आतड्यांचा. पोटातली कळ आणि शौचाची बिघडलेली तऱ्हा, एवढीच त्याची व्याख्या आहे. गिळताना घास अडकणं तिच्यात बसत नाही. उलट वजन घटणं, शौचातून रक्त जाणं, रक्त कमी भरणं यांच्याबरोबरीने घास अडकणं हीसुद्धा अशी खूण आहे की ती ऐकली की डॉक्टर आयबीएसची फाइल बाजूला ठेवून नव्याने बघायला लागतात. ही खूण मी खिशात घालून फिरत होते.

गोळ्यांनी आणखी गोंधळ घातला. कळांसाठी डायसायक्लोमिन, रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिनची लहानशी मात्रा. दोन्हींनी लाळ कमी होते, हे पाकिटातल्या कागदावरही छापलेलं असतं. त्यामुळे तोंड कोरडं पडतं म्हटलं की माझं उत्तर तयार असायचं: गोळ्यांनी. शेवटी हे दाताच्या डॉक्टरांनी पकडलं. तोंडात घातलेला त्यांचा छोटा आरसा गालाला चिकटला आणि सुटेना. त्यांनी तो हळूच ओढून काढला, पुन्हा लावला, पुन्हा चिकटला. मग हिरड्यांलगत किडलेले दात मला दाखवले आणि विचारलं, डोळेही चुरचुरतात का? निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण लिटरभर लाळ तयार होते. ती घास भिजवते, दात धुते आणि अन्ननलिकेत वर आलेलं अ‍ॅसिड आपल्यातल्या बायकार्बोनेटने मारतेही. म्हणजे माझी छातीतली जळजळ, जी मी पित्त म्हणून सुतशेखरावर ढकलत होते, तीही कदाचित इथूनच येत होती.

दाताच्या डॉक्टरांना आलेल्या शंकेवरून पुण्यात संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाईपर्यंत मी शोग्रेनबद्दल भरपूर वाचून ठेवलं होतं. 1933 साली हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने आपल्या प्रबंधात कोरड्या डोळ्यांचा हा आजार वर्णिला. शरीराचं संरक्षणदल स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर चालून जातं. बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक. वाचतानाच मला तो हवासा वाटायला लागला होता. आजार हवासा वाटणं हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण दुसरं वाक्य खरं होणार नाही. रक्तातली अँटी-रो ही अँटिबॉडी निगेटिव्ह आली तेव्हा मी चक्क खट्टू झाले.

मग गुणांची भानगड कळली. 2016 साली अमेरिकेच्या आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून शोग्रेनचे निकष ठरवले. त्यात प्रत्येक तपासणीला गुण आहेत. अँटी-रोला 3, ओठाच्या बायोप्सीला 3. खालच्या पापणीत अडकवलेली कागदी पट्टी 5 मिनिटांत 5 मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर 1. डोळ्यात रंग घालून केलेल्या तपासणीला 1. काही न चघळता तोंडात आपोआप जमणारी लाळ मिनिटाला 0.1 मिलिलिटर किंवा त्याहून कमी भरली तर 1. बेरीज 4 झाली की आजार ठरला.

मी आयुष्यभर गणिताचे पेपर तपासले. मला यापेक्षा ओळखीची भाषा नाही.

पट्टी जेमतेम भिजली, 1 गुण. लाळेच्या मोजणीला मान खाली घालून, ओठ सैल सोडून, हातातल्या नळीत थेंब पडायची वाट बघत बसावं लागतं, शेजारी घड्याळ. ती मर्यादेपेक्षा किंचित जास्त भरली. शून्य. म्हणजे ज्या कोरड्या तोंडापायी मी तिथवर आले होते त्यालाच गुण नाही! मग बायोप्सी. खालच्या ओठाला आतून भूल, नखाएवढी चीर, त्यातून काढलेल्या बारीक ग्रंथी. सूक्ष्मदर्शकाखाली दर 4 चौरस मिलिमीटरमध्ये पन्नास किंवा जास्त लिम्फोसाइट पेशींचा निदान एक पुंजका दिसला की ती पॉझिटिव्ह. दिसला. तीन अधिक एक, चार. काठावर पास.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे निकष मुळात संशोधनासाठी पेशंट निवडायला केलेत. इथे आम्ही सगळं मिळून बघतो." मी मान हलवली. पण ऐकलं ते फक्त चार.

पुंजक्यात पन्नासच्या जागी चाळीस पेशी असत्या तर? पोह्यांचा घास तितकाच अडकला असता. आरसा गालाला तितकाच चिकटला असता. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला कदाचित तेच थेंब दिले असते, घोट घोट पाणी प्यायला सांगितलं असतं, दात सांभाळायला सांगितलं असतं. मात्र मी आयबीएसवालीच राहिले असते आणि नणंदेला फोन केला नसता. त्या दहा पेशींनी माझ्या घशाला काहीही केलं नाही; माझ्या मानेला केलं, ती ताठ झाली.

आयबीएसचेही निकष आहेत, रोम निकष; त्यांची चौथी आवृत्तीही 2016 चीच. गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखतं का. ते दुखणं शौचाशी जोडलेलं आहे का. शौचाची वारंवारता बदलली का, रूप बदललं का. दुखणं हवंच, पुढच्या तीन गोष्टींपैकी निदान दोन जुळायला हव्यात आणि लक्षणं किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली असावीत. त्यात सुई नाही, चीर नाही, सूक्ष्मदर्शक नाही. पुरावा म्हणून तिथे पेशंटचा शब्द धरला जातो. जगभरच्या पोटाच्या तज्ज्ञांनी बसून ठरवलं की ही बाई सांगते ते पुरेसं आहे. 2021 साली याच पद्धतीने 33 देशांतल्या 73 हजारांहून जास्त लोकांना विचारून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात इंटरनेटवरून विचारलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना पोटाचा किंवा अन्ननलिकेचा असा कुठला ना कुठला, तपासणीत न दिसणारा विकार निघाला. एवढ्या मोठ्या गर्दीत उभी असून मी स्वतःला खोटी समजत होते. तज्ज्ञांनी माझा शब्द पुरावा मानला होता, मी मानला नव्हता. मला चीर हवी होती.

याची मुळं शाळेत आहेत, असं मला अलीकडे वाटतं. चाचणीच्या दिवशी पोट दुखणारी पोरं मला चेहऱ्यावरून ओळखू येतात, असं मी स्टाफरूममध्ये फुशारकीने सांगायचे. घरून चिठ्ठी आणली असेल तर बस, नाहीतर पेपर लिही. त्यांतली काही बहाणा करत असणारच; मुलं मुलंच. कोणती खरी होती ते मला कधी कळलं नाही, कारण मी विचारलंच नाही. कुठे दुखतं, कधीपासून, संडासला जाऊन आल्यावर कमी होतं का? एवढे तीन प्रश्न. ते विचारायला मिनिटही लागलं नसतं. चिठ्ठी मागायला तेवढाच वेळ लागायचा.

आता घशाकडे येते, कारण आनंदाचा खरा हिशोब तिथे बिघडतो.

घास अडकतो म्हटल्यावर जाणते डॉक्टर पहिल्यांदा विचारतात: कुठे, आणि फक्त घट्ट अन्न की पाणीसुद्धा? आधी फक्त घट्ट अन्न अडकत असेल तर वाट अरुंद झाल्याचा संशय. पहिल्यापासून पाणीही अडकत असेल तर हालचालीत बिघाड. माझी एंडोस्कोपी झाली, वाट मोकळी. मग मॅनोमेट्री झाली. नाकातून एक बारीक नळी पार जठरापर्यंत सरकवतात, तिच्यावर दाब मोजणारे सेन्सर असतात. उताणं झोपवून पिचकारीने 5 मिलिलिटर पाणी तोंडात सोडतात. "गिळा. आता थांबा, पुन्हा गिळू नका." असं दहा वेळा. तो मधला थांबा फार अवघड जातो. गिळू नका म्हटलं की आवंढा आलाच. पडद्यावर प्रत्येक घोटाबरोबर निळ्यात लाल-पिवळा तिरका पट्टा उतरताना दिसतो. माझे पट्टे छान उतरले. अन्ननलिका व्यवस्थित चालते, असं कळलं, आणि मी पुन्हा हिरमुसले. यात दोष निघाला असता तर फाइल भक्कम झाली असती. एव्हाना मला माझी ही खोड दिसू लागली होती, तरी हिरमुसायचं काही थांबलं नाही.

शोग्रेनमध्ये लाळेचं माप आणि गिळण्याचा त्रास यांचा सरळ हिशोब लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला त्याहून वेगळी एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मी त्यांना सांगितली नव्हती. बहिणीशी फोनवर बोलताना मी एकदा वाटीभर चिवडा संपवला होता. पाण्याशिवाय. वाटीचा तळ दिसला तेव्हा लक्षात आलं, आणि पुढचा घास, म्हणजे बोटाने गोळा केलेले शेवटचे चार शेंगदाणे, घशाशी अडकले.

म्हणजे हे सगळं नाटक होतं का? तसं नाही. गिळण्याचा पहिला भागच फक्त आपल्या हातात असतो. घास जिभेच्या मागच्या टोकाला पोचला की पुढचं काम मज्जातंतू परस्पर करतात; साधारण 25 सेंटिमीटरच्या अन्ननलिकेतून आठ-दहा सेकंदांत तो खाली जातो, आपल्याला न विचारता. आपण लक्ष घालून देखरेख करायला लागलो की एरवी न जाणवणारा घास जाणवायला लागतो. 2018 साली शिकागोच्या संशोधकांनी नेमकी ही देखरेख आणि भीती मोजणारी पंधरा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. ज्यांच्या तपासणीत दोष निघाला आहे आणि ज्यांच्या निघालेला नाही अशा दोघांतही ही देखरेख जितकी जास्त तितकी तक्रार जास्त, असं ती वापरून केलेल्या अभ्यासांतून दिसतं. म्हणजे अन्ननलिका खरोखर बिघडलेल्या माणसाचाही काही त्रास धास्तीतून येतो, आणि काहीही न निघालेल्या माणसाचाही घास त्याच्यापुरता खरोखर अडकतो.

मग माझ्या घशातलं किती ग्रंथींचं, किती गोळ्यांचं, किती जळजळीचं आणि किती धास्तीचं? वाटणी करता येत नाही. करता आली असती तरी मी केली नसती, कारण 'ऑटोइम्यून' या एका शब्दात सगळं बसवणं सोयीचं होतं. नणंद जे म्हणाली होती त्यात काही अंश खरं होतं. तिचा सूर चुकीचा होता आणि निष्कर्ष चुकीचा होता, पण मन आणि आतडं एकमेकांशी बोलतात एवढं तिचं बरोबर होतं. हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगेन असं आज तरी वाटत नाही.

शिवाय हा घसा माझ्या कामाला यायला लागला होता. लग्नाच्या पंगती, भिशीची जेवणं, लांबच्या नात्यातली डोहाळजेवणं, जिथे मला पूर्वीही जायचं नसायचं, तिथे आता "गिळताना त्रास होतो हो" एवढं पुरतं. समोरचा लगेच आवाज खाली आणतो. पोट बिघडलंय म्हटल्यावर लोक हसायचे, ऑटोइम्यून म्हटल्यावर खुर्ची पुढे करतात. त्या खुर्चीवर मी बसते. यातले काही नकार खरे असतात, मुगाच्या कोरड्या उसळीला मी खरंच भिते. पण कोणता नकार घशाचा आणि कोणता स्वभावाचा हे मी स्वतःशीसुद्धा वेगळं काढत नाही. मला न आवडणाऱ्या माणसांच्या घरी माझं तोंड जरा जास्तच कोरडं पडतं.

संधिवाताच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर एकदा एक बाई शेजारी होती. स्क्लेरोडर्मा. हाताची बोटं अर्धवट वाकलेली, कातडी ताणून चकाकणारी, ओठांभोवती उभ्या घड्या. तोंड इतकं कमी उघडायचं की केळं घालायचं तर आधी सोलून त्याचे काप करायचे, असं तिचे मिस्टर सांगत होते. या आजारात अन्ननलिकेच्या खालच्या भागातले स्नायू झिजतात, त्यांची जागा निबर तंतू घेतात. वरून घास ढकलला जात नाही आणि खालची झडप सैल पडल्यामुळे अ‍ॅसिड वर येतं. मऊ भात पातळ करून, बसूनच खायचा, खाल्ल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. मायोसायटिस या स्नायूंच्या आजारात उलट घशातले वरचे स्नायू कमजोर होतात, प्यायलेलं नाकातून येतं. मायस्थेनिया या स्नायू पटकन थकवणाऱ्या आजारात जेवणाच्या सुरुवातीचे घास नीट जातात आणि शेवटी शेवटी जबडाच गळून जातो. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. शेजारी बसलेली ती बाई मात्र पहिलीच. ती स्वतः आजाराबद्दल एक अक्षर बोलली नाही. फलटणची शेवटची गाडी किती वाजता, एवढंच तिने मला विचारलं. माझ्या मनात काय आलं? दया आली, हो. पण तिच्याआधी, अगदी निमिषभर, हिच्यापुढे आपले चार गुण काहीच नाहीत असं येऊन गेलं, आणि त्यात कणव नव्हती, चुरस होती.

हे इथवर माझ्यापुरतं होतं. धाकट्या जावेचं तसं नाही.

तिलाही आयबीएस आहे, माझ्याइतकाच जुना. आम्ही दोघी एकेकाळी एकमेकींच्या होतो. कुठल्या लग्नाच्या हॉलची व्यवस्था बरी, ताक कुणाकडचं सोसतं, हे आमचं खासगी भांडवल होतं. मध्यंतरी स्वयंपाकघरात ती म्हणाली, "ताई, घशात सुपारी अडकल्यासारखं वाटतंय सारखं."

मी विचारलं, "जेवताना अडकतं?"

"नाही. जेवताना उलट बरं असतं. एरवीच वाटतं."

"मग काही नाही ते."

ती गप्प झाली आणि आमटी ढवळायला लागली. वैद्यकीयदृष्ट्या मी फारसं चुकीचं बोलले नव्हते. घशात गोळा जाणवणं आणि घास अडकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गोळा रिकाम्या घशात जाणवतो आणि खाताना बहुधा नाहीसा होतो. आयबीएस असलेल्यांत तो बऱ्यापैकी दिसतो. पूर्वी डॉक्टर त्याला उघड उघड हिस्टेरियाच्या खात्यात टाकत. मला हे माहीत होतं. म्हणजे तिला जे वाटत होतं त्याला वैद्यकात जागा आहे, हे माहीत असून मी "काही नाही" म्हणाले. पुढे तिची एंडोस्कोपी झाली, त्यात काही निघालं नाही. तिने फोन करून सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "देवाची कृपा. आता टेन्शन घेऊ नकोस."

मी असं का बोलले हे शोधताना मी बरीच सभ्य कारणं पुढे केली. तिला धीर द्यायचा होता. उगाच घाबरू नये असं वाटत होतं. ती टिकली नाहीत. खरं कारण इतकंच: एकही गुण न मिळवता तिचा घसा खरा ठरला, तर माझ्या चार गुणांना काय किंमत? जी रांग ओलांडून मी पुढे आले होते त्या रांगेत कुणीतरी मागे उभं असायला हवं होतं. आजाराने मला जे दिलं त्यात हीसुद्धा एक गोष्ट आहे, आणि तिला कुठलीही ग्रंथी जबाबदार नाही.

परवा ती आली तेव्हा मी स्वतःहून विषय काढला. गोळा कधी जास्त जाणवतो, नुसता आवंढा गिळताना की दिवसभर. वजन उतरलंय का. आवाज बसतो का. भाकरी, पाणी, कधीच अडकत नाही ना? ती आधी माझ्याकडे संशयाने बघत होती. मग बोलायला लागली आणि अर्धा तास बोलली. त्यात घसा थोडा, तिच्या धाकट्या मुलाची सुटलेली नोकरी जास्त, रात्री न लागणारी झोप त्याहून जास्त. मधे मला कंटाळा आला, दोनदा घड्याळाकडे बघितलं. तिने ते पाहिलं असावं. तरी ऐकलं.

तिला पुढच्या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवायचंय. मी सोबत जाणार आहे.

"तिथेही काही निघणार नाही, ताई," ती म्हणाली.

"नको निघू दे. येताना जेवूनच येऊ, तुला हवं तिथे. मला पातळ आमटी मिळाली म्हणजे झालं."

"म्हणजे भूक लागते तर तुम्हाला!"